मत नसलेल्या घरातलं निवडणुकीचं भांडण

पत्राचा सारांश: स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र. वय छत्तीस, माहेर जुन्नर तालुक्यातलं. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, त्या स्वतः एका दंतवैद्याच्या दवाखान्यात अर्धवेळ हिशेब बघतात. जर्मनीत सात वर्षं झाली, दोघांना पीआर (कायम राहण्याचा परवाना) आहे, मुलगी पहिलीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे सीडीयू-सीएसयू ही उजवीकडे झुकणाऱ्या पक्षांची युती जिंकली, त्या रात्री नवऱ्यानं हौसेनं शिरा केला. 'बेकायदा येणाऱ्यांना आता चाप बसेल, आपण टॅक्स भरतो, आपल्याला कोण हात लावतंय,' असं त्याचं म्हणणं. वरच्या मजल्यावर एक सीरियन इलेक्ट्रिशियन राहतो. त्याची बायको आणि दोन मुलं तुर्कस्तानात अडकली आहेत, कारण नव्या सरकारनं कुटुंबाला बोलावून घेण्याची सोय थांबवली. त्यावर नवरा 'नियम म्हणजे नियम' म्हणाला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. कल्याणचे सासरे फोनवर मुलाची बाजू घेतात, वर 'आपल्याकडे परप्रांतीयांचं असंच करायला पाहिजे' अशी पुस्तीही जोडतात. अशातच सहा आठवड्यांपूर्वी एस-बानमध्ये (तिथल्या लोकलमध्ये) एका माणसानं मुलीदेखत त्यांना शिवी देऊन 'आपल्या देशात चालती हो' म्हटलं. डब्यातलं कुणी काही बोललं नाही. आता नवरा म्हणतो, नियम आणखी बदलायच्या आत नागरिकत्वाचा अर्ज करू. त्या म्हणतात, पुण्याला परत जाऊ. भारतीय पासपोर्ट सोडला तर वडिलांची तीन एकर जमीन हातची जाईल ही भीतीही आहे. त्यांचा प्रश्न: 'नवरा बदललाय, की मीच फार हळवी झालेय? आणि पासपोर्ट घ्यावा की परत यावं?'

उत्तर:

रागावू नका, पण आधी एक गोष्ट सांगते. ज्या निवडणुकीवरून तुमच्या घरात अबोला सुरू आहे, तिच्यात तुम्हा दोघांपैकी एकालाही मत नव्हतं. नवऱ्यानं शिरा केला तो दुसऱ्यांच्या मतांवर, आणि तुम्ही तो खाल्ला नसेल तर तेही दुसऱ्यांच्याच मतांवर. मला थोडं हसू आलं, मग काळजीही वाटली. मत नसलेल्या माणसाच्या अंगावर निवडणूक जास्त येते. मतदार आपला राग पेटीत टाकून घरी जातो. ज्याच्या हातात मतपत्रिकाच पडत नाही, तो स्वयंपाकघरात भांडतो.

तो निकाल तुम्ही दोघांनी अर्धा-अर्धा वाचलाय असं मला पत्रावरून वाटलं. सीडीयू-सीएसयूला २८.५ टक्के मतं मिळाली. पहिला नंबर आला हे खरं, पण २०२१ सोडलं तर इतकी कमी मतं त्यांना आजवर कधी पडली नव्हती. दुसऱ्या नंबरवर स्थलांतरविरोधी, कडवा उजवा पक्ष एएफडी, २०.८ टक्के, म्हणजे आधीच्या निवडणुकीच्या दुप्पट. सीडीयूचे नेते फ्रेडरिक मर्झ यांना सरकार बनवायला डावीकडे झुकणाऱ्या एसपीडी पक्षाचा हात धरावा लागला, आणि ६ मे २०२५ ला चान्सलरपदाच्या (आपल्या पंतप्रधानपदासारख्या) संसदेतल्या मतदानात पहिल्या फेरीत ते सहा मतांनी पडले. युद्धानंतरच्या जर्मनीत असं पहिल्यांदाच घडलं. त्यामुळे नवऱ्याला दिसलेला दणदणीत कौल तिथे नव्हता, आणि तुम्हाला वाटतं तसा सगळा देश एका रात्रीत तुमच्यावर उलटलाही नव्हता. लोक स्थलांतरावरून चिडलेले होते, घरभाड्यावरून होते, आधीच्या सरकारमधल्या भांडणांना कंटाळलेले होते. निवडणुकीच्या आधी, जानेवारीत, आशाफेनबुर्ग शहरातल्या बागेत चाकूहल्ल्यात दोन वर्षांचं मूल आणि त्याला वाचवायला गेलेला माणूस गेला. आरोपी आश्रय नाकारला गेलेला अफगाण होता. अशा बातमीनंतर एखादी आई सीडीयूला मत देते तेव्हा ती तुमच्या विरोधातच मत देते असं धरून चालू नका.

आता नवऱ्याबद्दल. त्याचं म्हणणं सरसकट खोटं नाही. आतापर्यंत जे कडक निर्णय झाले त्यांतले बहुतेक आश्रय मागणाऱ्यांबाबतचे आहेत. गृहमंत्री डोब्रिंट यांनी मे २०२५ मध्ये सीमेवरूनच लोकांना परत पाठवायला सुरुवात केली, जुलैत दुय्यम संरक्षणावर राहणाऱ्यांच्या (पूर्ण निर्वासिताचा दर्जा नाही, पण परत पाठवणं धोक्याचं म्हणून राहू दिलेल्यांच्या) कुटुंबांचं येणं दोन वर्षांसाठी थांबवलं. कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या ब्लू कार्ड परवान्याला हात लागला नाही. शिवाय तुम्ही दोघं पदवीची मान्यता, व्हिसाची अपॉइंटमेंट, बी-वन ही जर्मन भाषेची परीक्षा असं एकेक दार ठोठावत तिथवर गेलात. 'आम्ही एवढं केलं आणि हे लोक मात्र' ही चिडचिड त्या प्रवासातून येते, आणि तुम्ही तिला दुष्टपणा म्हटलंत तर तो तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

पण त्याच्या म्हणण्यात एक भोक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच सरकारनं तीन वर्षांत नागरिकत्व मिळण्याचा वेगवान मार्ग बंद केला. तो कुणासाठी होता? उत्तम जर्मन येणाऱ्या, कामात किंवा समाजात विशेष काही करून दाखवलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या लोकांसाठी. फार थोड्यांनी तो वापरला होता, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान किरकोळ. तरी नागरिकत्वाच्या कायद्यात पहिली कात्री लागली ती कुणाच्या रांगेला, हे नवऱ्याला जरूर सांगा.

आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं बघा. तुम्ही लिहिलंय की तो इलेक्ट्रिशियन आहे, म्हणजे टॅक्स भरतो. नवऱ्याच्या दोन्ही कसोट्या, काम आणि कायदा, तो पार करतो. २०१८ पासून त्याच्यासारख्यांची महिन्याला हजार कुटुंबीय येऊ शकतील असा नियम होता. तो त्या नियमाप्रमाणे कागद लावून रांगेत उभा राहिला आणि त्याचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. तुमचा नवरा आज काय म्हणतोय? 'नियम बदलायच्या आत अर्ज करू.' भीती एकच आहे. वरच्या मजल्यावर ती खरी ठरली, तुमच्या मजल्यावर अजून ठरलेली नाही, एवढाच फरक. 'नियम म्हणजे नियम' हे वाक्य नवरा शेजाऱ्याला ऐकवत नाहीये, स्वतःला धीर द्यायला म्हणतोय असा माझा अंदाज. म्हणून 'तो बदललाय का' याचं माझं उत्तर: घाबरलाय. घाबरलेली माणसं 'आम्ही त्यातले नाही' असं जरा मोठ्यानं म्हणतात.

त्या म्हणण्यावर किती भरवसा ठेवायचा, यासाठी जुनी गोष्ट सांगते. २००० साली चान्सलर श्रोडर यांनी परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी वीस हजार ग्रीन कार्डं जाहीर केली. तेव्हा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात सीडीयूचे युर्गन रुटगर्स निवडणूक लढवत होते. संगणकावर भारतीय बसवण्यापेक्षा आपली मुलं बसवा, असा त्यांचा सूर होता, आणि त्याचीच यमक जुळवून 'भारतीय नकोत, मुलं हवीत' अशी घोषणा झाली. ती निवडणूक ते हरले. त्याच वर्षी बुंडेस्टागमध्ये (जर्मन संसदेत) या पक्षाचे गटनेते झाले होते ते हेच मर्झ. आणि जानेवारी २०२६ मध्ये मर्झ अहमदाबादला येऊन मोदींबरोबर पतंग महोत्सवाला हजेरी लावून गेले. मधल्या काळात, २०२४ मध्ये, भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत न्यायचं त्या देशानं ठरवलं, अर्थात आधीच्या सरकारनं. त्याच वर्षी आपल्या राज्यानंही बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तुमच्या तिथल्या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. या पंचवीस वर्षांत भारतीय माणूस एकदम सद्गुणी झाला असं काही नाही. त्यांची गरज बदलली. चांगल्या स्थलांतरितांच्या यादीत आपलं नाव आपण लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते खोडलं जाणार नाही याची हमीही आपण देऊ शकत नाही.

रस्त्यावर तर ती यादी कुणी वाचतच नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये सॅक्सनीतल्या म्युगेल्न नावाच्या छोट्या गावात जत्रेच्या रात्री जमावानं आठ भारतीयांचा पाठलाग केला आणि त्यांना एका पिझ्झाच्या दुकानात आसरा घ्यावा लागला. कुणी व्हिसा बघितला नव्हता. एस-बानमधल्या त्या माणसानंही तुमची टॅक्सची पावती मागितली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द मर्झ 'शहराच्या रूपात अजून ही अडचण दिसते' असं स्थलांतराबद्दल बोलले. निदर्शनं झाली, मग त्यांनी खुलासा केला की ज्यांना कायम राहण्याचा हक्क नाही, जे काम करत नाहीत आणि नियम पाळत नाहीत त्यांच्याबद्दल ते होतं. खुलासा मी खरा मानते. पण रूप डोळ्यांना दिसतं, आणि हक्क, नोकरी, नियम यांतलं काहीच चेहऱ्यावर छापलेलं नसतं. चान्सलरला हे कळायला हवं होतं.

उलट बाजूनंही हे वर्ग नीट टिकत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात गाडी घालणारा आरोपी कोण होता? २००६ पासून जर्मनीत राहणारा सौदी डॉक्टर, म्हणजे शिक्षणानं आणि नोकरीनं तुमच्या नवऱ्याच्याच वर्गातला. आणि आश्रय मागून नाकारले गेलेल्यांत भारतीयही असतात. त्यांना परत घेण्याची तरतूद डिसेंबर २०२२ च्या भारत-जर्मनी स्थलांतर करारात आहेच. 'ते' म्हणून ज्यांच्याकडे आपण बोट दाखवतो त्यांत पंजाबातलं, गुजरातेतलं कुणी असू शकतं.

सासऱ्यांशी वाद घालू नका. कल्याणमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा लोकलच्या गर्दीवरचा आणि घरांच्या किमतींवरचा राग फोनवर विरघळणार नाही. पण त्यांचा विषय अगदीच बाजूला टाकण्यासारखाही नाही. भाषा शिका म्हणणं मला गैर वाटत नाही. तुमच्याकडून जर्मनीनं बी-वन मागितलं आणि तुम्ही दिलंत. मात्र भाषेची अपेक्षा ठेवणं वेगळं आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना बडवणं वेगळं. २००८ साली मुंबईत ते घडलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली माणसं होती. सासऱ्यांना एकच विचारा: एस-बानमध्ये नातीसमोर जे झालं ते त्यांना मुलानं सांगितलंय का? मला वाटतं, सांगितलेलं नसावं.

आता तुमच्याबद्दलही एक-दोन गोष्टी. डबा गप्प बसला, त्यावरून तुम्ही देशाचा हिशेब मांडलात. मी तिथे नव्हते, तो डबा तुम्ही भोगलाय, म्हणून 'लक्ष देऊ नका' असं मी म्हणणार नाही. तरी गप्प बसणाऱ्यांत घाबरलेले किती, बेफिकीर किती आणि त्या माणसाच्या बाजूचे किती, हे तुम्हालाही माहीत नाही. आणि पुण्याला परत जाणं हे तुमच्या पत्रात फार गोड रंगवलंय. पुण्यात तुम्हाला कुणी 'चालती हो' म्हणणार नाही, हे मोठं सुख आहे, मान्य. पण तिथे मुलगी मराठी बोलणारी जर्मन शाळेतली पोर म्हणून नव्यानं सुरुवात करेल, आणि नवरा मनात नसताना आला तर दोन वर्षांनी हेच भांडण उलट्या दिशेनं सुरू होईल. आई-वडिलांसाठी यायचं असेल, कामासाठी यायचं असेल, तर या. एका माणसाच्या शिवीमुळे येऊ नका.

'वर्षभर राहून बघू' असा विचार असेल तर एक धोका लक्षात घ्या. पीआर कायमचा असला तरी जर्मनीबाहेर राहिल्यानं तो संपू शकतो. साधारणपणे सहा महिने ही मर्यादा आहे, युरोपीय संघाचा दीर्घकालीन परवाना असलेल्यांना ती जास्त असते. तुमचा कुठला प्रकार आहे ते परदेशी नागरिक कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. तोंडी उत्तरावर तर मुळीच नाही.

जमिनीची भीती मात्र मी लगेच काढून टाकू शकते. तुम्ही समजता तसं ते नाही. परदेशात राहणारा भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय) या दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि दोघांनाही ती वारसानं मिळू शकते. म्हणजे पासपोर्ट भारतीय ठेवला तरी आज तुमच्यावर तेच बंधन आहे. वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव लागायला जर्मन पासपोर्ट आड येत नाही. वडिलांच्या मनात बक्षीसपत्र असेल तर थांबवा, शेतजमीन तशी देता येत नाही, आणि मृत्युपत्राचं जुन्नरच्या चांगल्या वकिलाशी बोला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे पासपोर्ट परत करावा लागेल आणि मत जाईल, हे खरं. पण गेल्या लोकसभेला शिरूर मतदारसंघात जाऊन तुम्ही मत दिलं होतं का? नसेल, तर आत्ता तुम्हाला दोन्हीकडे मत नाही.

अर्जाची घाई करायची का? मर्झ यांच्या भीतीनं नको. पाच वर्षांची अट आणि जर्मनीच्या बाजूनं दुहेरी नागरिकत्वाची मुभा, दोन्ही त्यांनी कायम ठेवलंय. पण घाईचं दुसरं, जास्त खरं कारण तुमच्या घरात आहे: नवऱ्याची नोकरी. तुमच्या भागातल्या वाहन उद्योगाची अवस्था तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये तेरा हजार पदं कमी करायचं जाहीर केलं, झेडएफनं त्याआधीच हजारो. पीआर असल्यामुळे नोकरी गेली तरी राहण्याचा हक्क जात नाही. नागरिकत्वासाठी मात्र घर स्वतःच्या कमाईवर चालतंय हे दाखवावं लागतं, आणि ते चालू पगाराच्या पावतीवर सोपं जातं. म्हणून नवऱ्याला अर्ज करायचाच असेल तर आत्ताच करू दे. दोघांनी एकत्र करण्याची सक्ती नाही. मुलीचा अर्ज त्याच्याबरोबर जाऊ शकतो, तिला मग ओसीआय घ्यावं लागेल. तुम्ही तुमच्या पीआरवर हवी तितकी वर्षं थांबा. एका घरात दोन रंगांचे पासपोर्ट असल्यानं विमानतळावरच्या रांगा वेगळ्या होतात, बाकी फार काही बिघडत नाही. मन कधी झालंच तर तेहतीस प्रश्नांची परीक्षा आहे, सतरा बरोबर आले की झालं. तुमच्यासारख्या हिशेब बघणाऱ्या बाईला ती अवघड नाही.

आणि तोवर जिथे तुम्हाला मत आहे तिथे ते वापरा. जर्मनीत कंपनीच्या कामगार परिषदेत मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. कंपनीत कपात आली तर तीच परिषद वाटाघाटीला बसणार आहे, तेव्हा नवऱ्यानं निदान तिथलं मतदान चुकवू नये. हेसेन, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया अशा राज्यांत राहणाऱ्या वाचकांना परदेशी रहिवाशांच्या स्थानिक समितीसाठी मतदान करता येतं, आपल्यातले बहुतेक ते पत्र कचऱ्यात टाकतात. तुम्ही मुलीच्या वर्गाच्या पालक प्रतिनिधीसाठी नाव द्या. बी-वन पुरेसं आहे, व्याकरण चुकलं तर चुकू दे.

शेजाऱ्यासाठीही काही करता येईल. दोन वर्षांची बंदी जुलै २०२७ पर्यंत आहे आणि तीव्र अडचणीच्या प्रकरणांना अपवाद ठेवलाय. अपवाद फार थोड्यांना मिळतो, त्यामुळे त्याला खोटी आशा दाखवू नका. कारितास, डियाकोनी, आवो यांची स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला केंद्रं असतात, तिथे त्याचे कागद एकदा दाखवून घ्या. ती केंद्रं तुमच्यासाठीही आहेत. पीआर आणि नागरिकत्वाचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारण्यापेक्षा तिथे विचारा.

राहिला एस-बानमधला माणूस. तुम्ही तक्रार केलेली नाही, 'काय उपयोग' असं लिहिलंय. तो सापडेलच असं नाही. पण मुलीनं ते ऐकलंय, आणि आईनं त्यावर काय केलं हेही ती बघते आहे. जर्मन कायद्यात शिवीगाळ हा गुन्हा आहे, मात्र त्यासाठी स्वतः फिर्याद द्यावी लागते आणि मुदत तीन महिन्यांची असते. (घर भाड्यानं देताना किंवा नोकरीत भेदभाव झाला असेल तर मुदत याहून कमी, दोन महिने. इतर वाचकांनी हे टिपून ठेवावं.) तुमचे सहा आठवडे गेलेत. तारीख, वेळ, कुठली गाडी, कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, तो नेमका काय बोलला, हे आज रात्रीच जसं आठवेल तसं मराठीत लिहून काढा, जर्मन नंतर करा. पोलीस ठाण्यात मुलीला नेऊ नका. नवऱ्याला मात्र न्या, आणि ते शब्द जर्मनमध्ये वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या.